वेल्डिंग का मारत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

जळगावच्या एमआयडीसीत डाळमिलसाठी एलिव्हेटर (माल वर चढवणारं यंत्र) आणि चाळण्या बनवतो, त्यामुळे हा प्रश्न कुणी ना कुणी टाकतोच. "बोल्ट ढिले होतात, पाने घेऊन कोण बसेल? वेल्डिंग मारी दे ना भो, कायमचं काम!" उभ्या उभ्या उत्तरं देऊन थकलो, म्हणून एकदाचं लिहितो.

बोल्ट ढिले होतात, हे मान्यच. आडव्या हादऱ्याने नट आपोआप उलटा फिरतो, हे युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवून दिलं. आपण भरवशाने घालतो तो स्प्रिंग वॉशर त्यापुढे जवळपास निकामी. म्हणून मी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट घालतो आणि किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने आवळतो. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो, त्या ताणाने दोन्ही भाग दाबून बसतात आणि भार त्यांच्यातलं घर्षण पेलतं. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच या ताणाच्या कामी येतो, बाकीचा आट्यांत आणि नटाखाली घासण्यात जातो. मग हाताच्या अंदाजाने आवळून काय कळणार?

अमळनेरकडे माझ्या साडूंची डाळमिल आहे. तिथल्या एलिव्हेटरच्या वरच्या शाफ्टचे प्लमर ब्लॉक, म्हणजे शाफ्टचं बेअरिंग धरून ठेवणारे ठोकळे, मी बोल्टवर बसवून दिले होते. ऐन तुरीच्या हंगामात एक बोल्ट ढिला झाला. मला फोन न करता मुकादमाने गावातला वेल्डर वर चढवला आणि ब्लॉकचा पाय चारी बाजूंनी फ्रेमला जोडून टाकला. ब्लॉक बिडाचा आणि रॉड साधा. बिडात कार्बन भरपूर, त्यामुळे टाक्याशेजारचा भाग कडक होतो आणि थंड होताना चिरतो. त्यात अर्थिंगचा चिमटा त्याने हाताशी आली म्हणून पुलीलाच लावला. सगळा करंट बेअरिंगमधून गेला.

थोड्याच दिवसांत बेअरिंग किंचाळायला लागलं. मी जाऊन उघडलं, तर रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या कड्यांवर, करंटने राखाडी ठिपके पडलेले, प्रत्येकात नख अडकत होतं. ब्लॉकच्या पायाला टाक्यालगत लांब चीर. बोल्ट असते तर दोन पान्यांत काम झालं असतं. इथे गॅस कटर पेटवायचा, तोही डाळीच्या धुळीत. आधी मिल बंद करून सगळं झाडलं, पाणी मारलं, मग ब्लॉक कापला. आचेने चॅनेल वाकला, शाफ्ट लेव्हलला येईना. खाली मालाच्या गाड्या खोळंबलेल्या. साडू हमालांसमोर म्हणाले, "तुमचं मशीनच बोगस." मी वरून काही बोललो नाही. चूक वेल्डिंगची होती, हे नंतर ठिपके दाखवून सांगितलं, तरी त्यांनी ऐकलं नाही. तेव्हापासून दोन घरांचं जाणं-येणं बंद आहे. बायको सणावाराला बहिणीची आठवण काढते, तेव्हा फार लागतं.

वडिलांच्या हाताखाली होतो तेव्हा मीही तुमच्यासारखंच बोलायचो. रिव्हेटचे जुने सांगाडे बघून म्हणायचो, वेल्डिंग केलं की सगळं एकजीव. आज त्या पोराला मी 'शेनेक्टडी'चं सांगेन. जानेवारी १९४३ मध्ये हे नवंकोरं वेल्डिंगचं तेलवाहू जहाज अमेरिकेत पोर्टलंडला, धक्क्याशी शांत पाण्यात उभं असताना मधोमध दुभंगलं. त्या वेळचं पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं, हे कारण होतंच. पण रिव्हेटच्या जहाजात पत्रा संपतो तिथे चीर अडू शकते, वेल्डिंगमधून ती सरळ पुढच्या पत्र्यात जाते.

तो पोरगा लगेच म्हणेल, आज मोठी जहाजं वेल्डिंगचीच आहेत की! आहेत. पोलाद सुधारलं, वेल्डिंगही सुधारलं. हॉपर, चुट, सांगाडा मीही वेल्डच करतो. जे झिजणार, बदलावं लागणार, तेवढंच बोल्टवर ठेवतो. चाळणीच्या आडव्या नळ्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. वेल्ड केल्या तर हादऱ्याने टाक्याच्या कडेला चीर जाते, बोल्ट लावले तर ढिले होतात. दोन्ही प्रकार देऊन पाहिले, दोन्हीकडून फोन आले. सध्या लॉकबोल्ट लावून बघतोय. त्याची कॉलर एकदा दाबली की सुटत नाही, काढायचा तर कापावाच लागतो. म्हणजे थोडा तुमच्याच बाजूला आलो, असं म्हणायचं तर म्हणा. पण प्लमर ब्लॉकला वेल्डिंग मारून मागू नका, मी देणार नाही.