दगडासारखा टोस्ट

आमच्या साप्ताहिकाच्या पुरवणीसाठी मी रत्नागिरीतल्या बेकऱ्यांवर लिहितो. न सांगता जायचं, पैसे देऊन माल घ्यायचा, खायचा आणि जसं लागलं तसं लिहायचं. 31 जुलैला एका दिवसात सहा बेकऱ्या करायच्या ठरवल्या होत्या आणि पाऊस सकाळपासून असा की रेनकोट असून वहीची पानं एकमेकांना चिकटलेली.

मी मुद्दाम पावसाळ्यातच फिरतो, कारण आपल्याकडे बेकरीवाल्याची खरी परीक्षा याच दिवसांत असते. मैदा आधीच हवेतली ओल ओढून बसलेला असतो, नेहमीच्या मापाने पाणी घातलं की पीठ हाताला चिकटायला लागतं, उकाड्याने यीस्ट भराभर चढतं आणि कारागिराचं थोडं दुर्लक्ष झालं तरी पाव आंबूस होतो. खारीचं तर विचारूच नका, बरणीचं झाकण नीट लागलं नाही तर संध्याकाळपर्यंत सादळलीच.

पहिल्या दोन ठिकाणी तेच झालेलं. तिसऱ्या बेकरीत (नाव इथे देत नाही) "आत्ताच भट्टीतून काढलाय" म्हणून गरम पाव दिला, फोडला तर वरून गरम आणि आत कोरडा भुगा, म्हणजे कालचाच पाव परत तापवलेला. मला याचा फार राग येतो, कालचा आहे म्हणून सांगा ना, लोक कालचा पण घेतात. चौथ्या ठिकाणची नानकटाई मात्र अशी की जिभेवर ठेवली आणि विरघळली. तिथे मी सवयीप्रमाणे विचारलं की पावात पोटॅशियम ब्रोमेट (पाव जास्त फुगावा म्हणून मैद्यात घालायचे ते रसायन) वगैरे घालत नाही ना, 2016 पासून त्यावर बंदी आहे, तर काउंटरवरचा मुलगा काही न बोलता आत गेला आणि मैद्याची रिकामी गोण आणि मार्गरिनचा खोकाच घेऊन आला, म्हणाला वाचा. ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक चरबी, 2 टक्क्यांच्या आत असल्याचं खोक्यावर छापलेलं होतं, 2022 पासून तो नियमच आहे. असा मुलगा प्रत्येक काउंटरला हवा. पाचवी बेकरी ठीकठाक.

सहावी मिरकरवाड्याच्या बाजूची, जुनी, लाकडाची भट्टी. पाव घेतला, साधारण. टोस्ट घेतला आणि पहिल्याच घासाला दाढेतून कळ गेली. चहात बुडवून ठेवला तरी मधे कडकच. वहीत लिहिलं, 'दगड. पुन्हा घेणार नाही.'

तेवढ्यात एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, आला, हातात यादी, आणि त्याने चाळीस पाकिटं टोस्ट आणि वीस पाकिटं कडक बटर (चहात बुडवून खायचे ते कडक छोटे पाव) मागितलं. मी म्हटलं लग्न आहे की काय घरात. तो म्हणाला, "भाऊ, उद्यापासून बंदी उठते." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, दोन महिने बोटी किनाऱ्याला, आणि हवा बरी असली की आता निघणार. त्याची बोट गेली की सहा-सात दिवस पाण्यावर. पाव घेतला तर दोन-तीन दिवसांत बुरशी येते, खारी पहिल्याच रात्री सादळते. "आणि मऊ टोस्ट नेला ना, तर तिसऱ्या दिवशी त्याची भाकरी होते," हे त्याचे शब्द.

बेकरीवाल्या चाचांनी माझी वही बघितली होती बहुतेक, कारण म्हणाले, "ये आत, बघ तरी कसा होतो."

आत भट्टी निवत आलेली होती. पहाटे कडक तापलेल्या भट्टीत पाव, आच उतरली की बटर, आणि सगळ्यात शेवटी टोस्ट. पावासारखेच भाजलेले लांब ब्रेड आदल्या दिवशीच तयार असतात, ते कापून स्लाइस पत्र्यांवर उभे-आडवे लावलेले. चाचांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या लादीवर टाकला आणि मनात मोजायला लागले. लगेच काळा पडला तर थांबायचं, हळूहळू तांबूस झाला तर पत्रे आत सारायचे, दार लावायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. ना घड्याळ ना थर्मामीटर. मग त्यांनी काल रात्रीचा एक टोस्ट माझ्या कानाजवळ धरून मोडला, कट्ट असा कोरडा आवाज आला. मोडलेली कड बोटाने दाखवली, "मधे पांढरट ओली रेघ दिसली ना तर तो बोटीवर टिकत नाही, परत आत टाकतो." त्या कडेला रेघ नव्हती, आरपार एकच बदामी रंग.

मी विचारलं, चाचा, गावातल्या लोकांसाठी जरा मऊ करत जा की. तर म्हणाले, "गावात पन्नास दुकानं आहेत रे. यांच्यासाठी कोण करणार?"

मी दोन पाकिटं घेतली. सकाळच्या पहिल्या बेकरीतला मऊ खुसखुशीत टोस्ट माझ्याकडे होताच, तो मला खूप आवडला होता. तो आणि चाचांचा टोस्ट, दोन्ही पाकिटांतून काढून मांडवीच्या आमच्या घरात समुद्राकडच्या खिडकीत उघडी ठेवली, आई रोज ओरडायची मुंग्या येतील म्हणून. तिसऱ्या दिवशी मऊ टोस्ट हातात वाकला, मोडलाच नाही. आठव्या दिवशी चाचांचा टोस्ट कडेला किंचित नरम लागला, पण मोडताना आवाज आला आणि चहात बुडवल्यावर एक कणसुद्धा तळाला गेला नाही.

वहीतली ती ओळ खोडली. पुरवणीत टोस्टला पूर्ण गुण दिले, आणि दातांचा त्रास असेल त्यांनी चहात भरपूर वेळ ठेवावा असंही लिहिलं. पावाला मात्र पाचपैकी तीनच दिले.