घूसफिन घडवताना

सुवर्णमहोत्सवी विज्ञान प्रदर्शनात घूसफिनचा कागदी लगद्याचा पुतळा पुन्हा मांडणार असं कळलं. घूस आणि डॉल्फिन यांचा हा काल्पनिक संकर आम्हा माजी विद्यार्थ्यांचा भारी लाडका. म्हणून आठवणी बाजूला ठेवून, यंदाच्या मुलांच्या उपयोगी पडेल असं लिहितो.

घुशीचं मुंडकं डॉल्फिनच्या धडाला चिकटवलं की झालं, असं नसतं. एकेक अवयव दोघांत वाटून द्यावा लागतो. शेपटीचं वल्हं आडवंच हवं, कारण सस्तन प्राण्याचा कणा वरखाली वाकतो. उभी शेपटी लावलीत तर तो मासा झाला, आणि परीक्षक बोट तिथेच ठेवतात. मागचे पाय गाळा. पुढच्या परांत पाच बोटांचे उंचवटे जाणवू द्या; डॉल्फिनच्या परांतही बोटांची हाडं असतातच. नाकपुडी एकच, माथ्यावर. ‘नाक विसरलात की!’ असं बघे म्हणतील, म्हणू देत.

खरी मेहनत दातांवर. वर दोन, खाली दोन पटाशीचे दात. सुळे नाहीत, मोकळी जागा सोडून थेट दाढा. बांबूच्या कामटीचे दात तासा आणि टोकाला मागून तिरका काप द्या. पुढची बाजू नारिंगी, मागची पांढरट. कृंतकांच्या, म्हणजे घूस-उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, या दातांना कडक इनॅमल फक्त पुढून असतं. मागचा भाग लवकर झिजतो, म्हणून धार टिकते. अख्खा दात नारिंगी केलात तर हे दिसणारच नाही.

अंगावर केस की नुसती कातडी? लहान प्राण्याची ऊब पाण्यात झपाट्याने जाते. त्यामुळे एक तर दीड मीटरचा चरबीदार प्राणी दाखवा, नाहीतर दाट लव. मला लव पटते, समुद्री ऊदमांजर तिच्यावरच तगतं. लवेसाठी काथ्या पिंजून घ्या आणि कौलं चढवतात तसा शेपटीकडून डोक्याकडे थर देत जा. उलट लावलात तर टोकं उभी राहतात.

सांगाडा मीटरभराचा. सहा कामट्या, तारेची पाच कडी, वरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. सगळ्यात मोठं कडं डोक्यापासून एक तृतीयांशावर. शेपटीच्या वल्ह्याची तार कण्यापर्यंत अखंड न्या. जोड दिलात तर ओल्या लगद्याच्या वजनाने शेपूट तिथेच मान टाकते.

लगद्याला दोन किलो रद्दी चोवीस तास भिजवून कुटा, पिळा. त्यात किलोभर व्हायटिंग पावडर (खडूची बारीक भुकटी) आणि अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवलेला पाव किलो डिंक मळा. पावडर जास्त झाली तर भुगा सुटतो, डिंक जास्त झाला तर सुकताना आकसून भेगा पडतात. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, तेव्हा ते काम शिक्षकांनी हातमोजे घालूनच करावं. थर अर्ध्या सेंटिमीटरचा, आणि पहिला खडखडीत वाळल्याशिवाय दुसरा नको. वाळवण सावलीत, वाऱ्यावर. घाईने उन्हात ठेवलंत तर वरचा पापुद्रा वाळतो, आत ओल राहते आणि आठवड्यात बुरशीचा वास सुटतो.

पाटीवर ‘काल्पनिक’ हा शब्द सर्वांत मोठा लिहा. त्याखाली हेही लिहा की डॉल्फिनचा जमिनीकडचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा आहे, घूस फार लांबची. असा संकर निसर्गात होत नाही. टांगताना नायलॉनची दोरी दोन ठिकाणी बांधा: एक मोठ्या कड्याला, दुसरी शेपटीच्या मुळाशी. परांना बांधू नका, ते उपटून येतात.