नळाला गडरचं पाणी, अन माजी झालेल्या ताई : माझा अनुभव

आमच्या गल्लीत नळाला गडरचं, म्हणजे गटाराचं, पाणी येत होतं ते बंद कसं झालं हे लिहिते आहे, कारण बाजूच्या लेआऊटमधल्या बाया सारख्या विचारतात की तुम्ही नेमकं कोणाला पकडलं, आणि दर वेळी तीच रामकहाणी सांगून माझा घसा बसतो.

आम्ही राहतो दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या पुढे. आधी इथं शेत होतं, मग गुंठेवारीचे प्लॉट पडले, लोकांनी घरं बांधली, नंतर नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) डिमांड, म्हणजे ठरवून दिलेली रक्कम, भरून आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, घेतलं तेव्हा कुठं आम्ही कायद्यात बसलो. नागपुरात 1900 लेआऊट, 572 लेआऊट असं आकड्यावरूनच ओळखतात असल्या वस्त्यांना. अशा ठिकाणी सगळं उलट्या क्रमानं येते, आधी घर, मग रस्ता, मग गडर लाईन, मग नळ, अन ज्याला जिथून सोयीचं पडलं तिथून त्यानं लोखंडी पाईप ओढून घेतला. कोणाच्या घराखालून काय गेलंय ते कोणालाच माहीत नाही.

2024 च्या पावसाळ्यात पाण्याला वास यायला लागला. नळ आला की पहिली पाच-दहा मिनिटं मातकट, वरतून फेस, मग हळूहळू साफ. आम्ही पहिलं पाणी झाडांना टाकायचो अन बाकीचं भरायचो, काय करणार. मग समोरच्या घरातल्या पोराला जुलाब-उलट्या, त्याच्या मागच्या घरी आजींना सलाईन, माझ्या धाकट्याला कावीळ निघाली तेव्हा मात्र मी हादरली.

हेल्पलाईनला फोन केला, तक्रार नंबर आला, माणूसही आला, पण आला अकरा वाजता. तोवर नळ येऊन दोन तास झालेले, पाणी काचेसारखं. त्यानं छोट्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पिवळं झालं. याला ओटी टेस्ट म्हणतात, पिवळं म्हणजे क्लोरीन आहे, नळाच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलीग्राम तरी शिल्लक पाहिजे असं तो म्हणाला, अन तुमच्याकडे व्यवस्थित आहे. संध्याकाळी मोबाईलवर मेसेज, तक्रार निकाली. परत तक्रार, परत तेच.

मग मनपाचं झोन ऑफिस. पाण्याच्या टेबलावर म्हणतात आमची लाईन ठीक आहे, गडरवाल्यांना विचारा. गडरवाले म्हणतात चेंबर चोक नाही, आमचं काम नाही. तिसरा म्हणाला हा लेआऊट नासुप्रकडून मनपाकडे हस्तांतरित झाला का ते पाहावं लागेल. कोणी उद्धट बोललं नाही हे कबूल करते, सगळे गोडच बोलले, चहा घेता का पण विचारलं एकानं.

एरवी आम्ही नगरसेवकाकडे गेलो असतो, पण तेव्हा नगरसेवकच नव्हते. 2017 ला निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 ला संपली, पुढची निवडणूक ओबीसी आरक्षण अन प्रभाग रचनेच्या कोर्टकचेरीत अडकली, प्रशासक आले. 38 प्रभागांचे 151 नगरसेवक एका झटक्यात माजी. तसंही बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक असतात, अ, ब, क, ड, त्यामुळे असताना पण अमकं काम तमक्याच्या वाट्याचं असं ऐकावं लागायचंच. आमच्या चौघांपैकी एकाचा फोन बंद, एक भाऊ म्हणाले आता माझ्याकडे निधी नाही मी काय करू, एक मुंबईला होते. राहिल्या ताई.

नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण एक सांगते, त्यांचा फोन त्याच उचलतात, मिस्टर उचलत नाहीत. ज्यांना नगरसेविकांचे अनुभव आहेत त्यांना यातलं समजेल.

मला वाटलं होतं ताई कोणाला तरी फोन लावतील, दोन शिव्या घालतील अन काम होईल. तसं काहीच झालं नाही. त्यांनी मलाच कामाला लावलं. म्हणाल्या, "तू मला वास येतो सांगू नको, कोणत्या घरी येतो, कोणत्या घरी येत नाही ते सांग." मग मी अन शेजारच्या वहिनी वहीत गल्लीचा नकाशा काढून घरोघरी फिरलो. कोणाकडे किती वेळ घाण येते, घरात कोण आजारी पडलं, टिल्लू पंप, म्हणजे नळाच्या लाईनवर लावून पाणी ओढायची छोटी मोटर, आहे का (हे विचारल्यावर अर्ध्या लोकांचे चेहरे पडले), नळाच्या बिलावरचा कंझ्युमर नंबर काय. वही पाहिली तर घाण फक्त मंदिराच्या वळणापासून पुढच्या घरांना, अलीकडच्यांना काहीच नाही. इतके महिने राहूनही हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसरं त्यांनी सांगितलं ते सगळ्यात कामाचं. पाण्याची तक्रार पाण्याच्या टेबलावर टाकायचीच नाही, आरोग्याच्या टेबलावर टाकायची. अर्ज झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावानं, विषय "दूषित पाण्यामुळे आजार", अन प्रत आमच्या भागातल्या मनपाच्या आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला. सोबत आजारी लोकांची यादी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स, सह्या. आणि आपल्या प्रतीवर शिक्का अन आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. "आवक नंबर नसला तर तुझा अर्ज जन्मालाच आला नाही असं समज," हे त्यांचं वाक्य. पाण्याला वास येतो ही तक्रार महिनोन्महिने पडून राहू शकते, पण एका गल्लीत इतक्या जणांना जुलाब अन कावीळ असं कागदावर आलं की ते साथरोगात जाते, अन मग त्यावर कोणालातरी उत्तर द्यावंच लागते. मी बीकॉम शिकलेली बाई, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांतच आशाताई घरोघरी सर्व्हे करायला आल्या, क्लोरीनच्या गोळ्या दिल्या, पाणी उकळून प्या म्हणाल्या. टँकर पण सुरू झाला. टँकरवर काय भांडणं होतात ते वेगळं लिहीन कधीतरी.

पण पाईप तर अजून सापडायचाच होता. त्यासाठी ताईंनी संयुक्त पाहणी मागितली, म्हणजे पाणीवाला, गडरवाला अन आरोग्यवाला तिघांनी एकाच वेळी एकाच जागी उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटते. पण तिघांच्या वेळा जुळवणं हेच खरं नगरसेवकाचं काम असते हे मला तेव्हा समजलं. ताईंकडे ना पद, ना निधी, ना सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार, तरी जेई (ज्युनियर इंजिनिअर) साहेब त्यांचा फोन घेत होते कारण पाच वर्षं त्यांनी कधी खोटी तक्रार केली नव्हती, असं त्या जेईनंच मला सांगितलं. अन वेळ पण त्यांनी मुद्दाम नळ यायच्या आधीची घेतली. अकरा वाजता येऊन काय पाहणार जी?

तर सकाळी सहाच्या आधी सगळे हजर. पाऊस भुरभुर. नळ आला तसं पहिलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, पिवळं काही होईना. घाणीनं क्लोरीन खाऊन टाकला होता. ओटी करणारा मुलगा तोच होता जो आधी येऊन गेला होता, त्यानं दुसऱ्यांदा करून पाहिलं, मग कोणाकडे न पाहता वहीत लिहिलं. निर्जंतुक बाटलीत सॅम्पल लॅबला गेलं. तिकडे गडरवाल्यांनी मंदिराच्या वळणापासून एकेक चेंबर उघडत नेलं, अन तिसऱ्या की चौथ्या चेंबरमध्ये, पाणी उपसल्यावर, दिसला एक गंजका लोखंडी पाईप. चेंबरच्या भिंतीतून आरपार गेलेला. नळ नसला की चेंबर भरून तो पाईप गडरमध्ये बुडलेला, भोकातून घाण आत शिरायची, त्यात वरच्या घरांचे टिल्लू सुरू झाले की ते अजूनच ओढायचे. पाणी शुद्धीकरण केंद्रातून चांगलंच निघत असते, पेंचचं असो की कन्हानचं, माती होते ती या शेवटच्या वीस फुटांत.

पाईप निघाला कोपऱ्यावरच्या काकाजींचा. अन खरी गंमत इथून सुरू झाली. काकाजी म्हणे मी हात लावू देणार नाही, माझं कनेक्शन जुनं आहे, माझी टॅक्स पावती दाखवू का. मेन लाईनपासून मीटरपर्यंतचा पाईप बदलायचा खर्च कोणाचा यावर रस्त्यावरच सभा भरली, पोट्टे व्हिडिओ काढायला लागले. ताई काकाजींच्या ओट्यावर जाऊन बसल्या, चहा मागितला, अर्धा तास त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ऐकलं, मग म्हणाल्या, "काकाजी, तुमची नात पण हेच पाणी पिते ना?" काकाजी गप्प. काकू आतून म्हणाल्या, "तोडा बाप्पा तो पाईप एकदाचा." खर्चाचं असं ठरलं की पुढच्या घरांनी मिळून वर्गणी करायची, मी स्वतः गोळा केली, दोघांनी दिली नाही, ते कोण आहेत गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

जुना पाईप कापून टोक बंद केलं, चेंबर टाळून वरतून निळा प्लास्टिकचा पाईप टाकला, लाईन धुऊन काढली. लॅबचा रिपोर्ट नंतर आला, पिण्यास अयोग्य, तोवर काम होऊन गेलं होतं, पण तो कागद फाईलला लावून ठेवला. पुढच्या आठवड्यात पहिल्याच पाण्याची ओटी पिवळी आली. टिल्लू मात्र अजून चालू आहेत, त्यावर कोणी बोलत नाही, कारण जवळपास सगळ्यांकडेच आहे.

15 जानेवारी 2026 ला शेवटी मनपाची निवडणूक झाली. ताई उभ्या नव्हत्या, आरक्षणाच्या सोडतीत त्यांची जागा दुसऱ्या प्रवर्गाला गेली, दुसऱ्या जागेवर तिकीट काही मिळालं नाही. आमचे नवीन चौघे निवडून आले, त्यातल्या एका ताईंना मी नकाशा, अर्ज, आवक नंबर, रिपोर्ट, सगळ्याची झेरॉक्स नेऊन दिली, कारण खोदलेल्या जागी गट्टू (रस्त्याचे सिमेंटचे ब्लॉक) अजून बसले नाहीत, नुसती गिट्टी टाकून बुजवलं आहे अन दर पावसात तिथं गाडी घसरते. रस्त्याचं टेबल वेगळं असते, त्याचा अर्ज वेगळा द्यायचा, हेही मला जुन्या ताईंनीच सांगितलं. मोजमापाला बुधवारी येतो म्हणालेत, मी वहिनींना पण सांगून ठेवलंय घरीच राहा म्हणून.