होप फाउंटनचा दुभाषी

बुलावायोला जायचं ते ऑक्टोबरातच, हे निवृत्त व्हायच्या आधीपासून ठरलेलं होतं. झिम्बाब्वेच्या या शहरात तेव्हा जॅकरांडा फुलतो. रस्ते अवाढव्य रुंद; बैलांच्या लांबलचक जोड्यांची गाडी एका फेऱ्यात वळावी म्हणून असे आखले, असं इथे प्रत्येक जण सांगतो. त्या रुंदीभर जांभळा सडा पडलेला असतो. पण मी फुलांसाठी गेलो नव्हतो. ३० ऑक्टोबर १८८८ रोजी या भागात एका कागदावर फुली पडली. त्या फुलीच्या साक्षीदाराचा माग काढायला मी गेलो होतो.

एकतीस वर्षं मी जिल्हा न्यायालयात भाषांतरकार होतो. पक्षकार अंगठा उठवतो आणि खाली ओळ येते: ‘मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल.’ काय वाचून दाखवलं आणि काय राहून गेलं, यावर कित्येकांच्या जमिनी टिकल्या किंवा गेल्या. म्हणून ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा माझं लक्ष फुली मारणाऱ्या राजा लोबेंगुलावर किंवा मक्ता मिळवणाऱ्या इंग्रज खाणमालक सेसिल ऱ्होड्सवर थांबलं नाही, ते दुभाष्यावर थांबलं.

कागद होता खाणींच्या मक्त्याचा. ऱ्होड्सची तीन माणसं, रड, थॉम्पसन आणि मॅग्वायर, इथल्या एन्देबेले लोकांच्या राजाकडे, लोबेंगुलाकडे, आली. राजाला महिना १०० पौंड, १००० मार्टिनी-हेन्री बंदुका, एक लाख काडतुसं आणि झांबेझी नदीवर एक तोफांची बोट मिळायची होती. बदल्यात त्याच्या मुलखातल्या सगळ्या धातूंवर आणि खनिजांवर या तिघांचाच हक्क, आणि ती काढायला ‘आवश्यक वाटेल ते सर्व’ करण्याचा अधिकार. हे शेवटचे शब्द मॅग्वायरसारख्या ऑक्सफर्डच्या कायदेपंडिताला किती महत्त्वाचे वाटले असतील, ते दस्त हाताळलेल्या माणसाला लगेच कळतं.

पहिल्या दिवशी माटोबोच्या डोंगरात गेलो. एकावर एक तोललेले गोल खडक आणि माथ्यावर ऱ्होड्सची कबर. स्थानिक लोक या जागेला मालिंदिद्झिमू म्हणतात; ती त्यांच्या पूर्वजांच्या आत्म्यांची जागा. मी तिथे फार थांबलो नाही. गाडी चालवणारा एन्देबेले तरुण खालीच उभा होता. तो मला ‘बाबा’ म्हणायचा. त्यांच्या भाषेतही वडीलधाऱ्याला बाबाच म्हणतात, हे कळल्यापासून मला ते फार जवळचं वाटत होतं. दुपारी रस्त्याकडेला आम्ही दोघांनी एका ताटात इसित्श्वाला खाल्ला. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानेच गोळा करून रश्शात बुडवायची.

दुसऱ्या दिवशी होप फाउंटन. शहराच्या दक्षिणेला, लोबेंगुलाच्या जुन्या राजधानीजवळ, लंडन मिशनरी सोसायटीचं १८७० पासूनचं ठाणं. रेव्हरंड चार्ल्स हेल्म इथला. राजाचा त्याच्यावर विश्वास होता. पत्रं वाचायला आणि लिहायला मिशनरीच लागायचे. रडच्या कागदाचा दुभाषी हेल्मच होता. साक्षीदार म्हणून त्याचीही सही आहे, आणि सोबत त्याचा दाखलाही आहे: हा दस्त मी लोबेंगुला व त्याच्या इंदुनांच्या, म्हणजे सरदारांच्या, पूर्ण सभेला संपूर्ण समजावून सांगितला, आणि त्यांच्या सर्व रीतिभाती पाळल्या गेल्या.

आता याच हेल्मने पुढच्या वर्षी आपल्या सोसायटीला लिहिलेलं पत्र पाहा. त्यात तो सांगतो की या लोकांनी राजाला तोंडी वचन दिलं होतं: कामाला दहापेक्षा जास्त गोरे आणणार नाही, वस्त्यांजवळ खणणार नाही, तुझे कायदे पाळू, तुझीच माणसं होऊन राहू. आणि पुढे साधंसरळ वाक्य आहे की ही वचनं मक्त्यात घातली गेली नाहीत.

मिशनच्या आवारात एका झाडाखाली बसून मी ही दोन्ही टिपणं पुन्हा वाचली. हेल्म खोटारडा होता असं मला वाटत नाही. दाखल्यात त्याने कागदात काय आहे ते समजावल्याचं लिहिलं. राजाने मात्र कागद आणि तोंडी वचन मिळून जो करार होतो त्यावर फुली मारली. दाखल्यात फक्त एक ओळ आणखी हवी होती. ती ओळ लिहायचं काम हेल्मचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. हे मी कठोरपणे म्हणतो आहे, कारण ते माझंही काम होतं.

इंग्रज सरकारला हा धोका ठाऊक नव्हता असंही नाही. १८७५ साली सुप्यापासून दख्खनच्या कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले. निरक्षर माणसाच्या निशाणीवर काहीही लिहून घेता येतं, हे त्या दंग्यांच्या चौकशीत पुढे आलं. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्त ग्राम-निबंधकासमोर, त्याला समजावून व्हावा अशी तजवीज केली. पुणे जिल्ह्यात जे कळलं होतं, ते नऊ वर्षांनी इथे कुणाला आठवलं नाही.

मग प्रतिस्पर्धी पुढे आले. एडवर्ड मॉन्ड हा गिफर्ड आणि कॉस्टन यांच्या कंपनीचा माणूस. त्याला हाच मक्ता हवा होता. रडच्या कागदाचा खरा अर्थ राजाच्या कानावर गेला, तसं जानेवारी १८८९ च्या निवेदनात राजाने वर्तमानपत्रातून जाहीर केलं की चौकशी होईपर्यंत मक्ता स्थगित आहे. मॉन्डबरोबर त्याने बाबायाने आणि म्शेते या दोन वृद्धांना थेट राणी व्हिक्टोरियाकडे पाठवलं. त्यांच्या मागोमाग केपटाउनच्या ब्रिटिश हाय कमिशनरने, सर हर्क्युलिस रॉबिन्सनने, लंडनला कळवलं की मॉन्ड खोटं बोलतो, त्यांच्यासोबतचा दुभाषी भरवशाचा नाही, आणि हे दोघे इंदुना नाहीतच. मजकुराला हात न लावता साक्षीदारच पाडायचा, ही उलटतपासणीची जुनी रीत. याच रॉबिन्सनच्या नावावर पुढे या मक्त्यातून निघालेल्या कंपनीचे शेअर होते.

राणीने तरी त्यांना भेट दिली. वसाहतमंत्र्याच्या पत्रातून निरोप आला: राजा परक्याला एक बैल देतो, सगळा कळप देत नाही. पण हा निरोप बुलावायोला पोचेपर्यंत लंडनमध्ये गिफर्ड-कॉस्टन आणि ऱ्होड्स एक झाले होते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हेच. दोन बोलीदार भांडत होते तोवर राजाच्या म्हणण्याला लंडनमध्ये कुणीतरी वाली होता. भांडण मिटल्यावर तेच म्हणणं कुणाच्याच उपयोगाचं राहिलं नाही. एप्रिलमध्ये राजाने लिहिलं की या कागदात माझे शब्द नाहीत आणि ज्यांनी तो घेतला त्यांचेही नाहीत. त्याचं ऑगस्टचं पत्र लंडनला पोचलं तेव्हा या मुलखावर कारभार करायची राणीची २९ ऑक्टोबर १८८९ ची सनद ऱ्होड्सच्या कंपनीच्या हाती पडली होती.

इकडे मक्त्याच्या बाजूने बोललेला इंदुना लोत्शे मारला गेला, घरच्यांसकट. चुकीच्या साक्षीची किंमत त्याने भरली. १८९३ मध्ये युद्ध झालं, बुलावायो जळालं आणि पुढे लोबेंगुला पळताना मेला. १९३३ साली दक्षिण ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, सरकारने कंपनीकडून खनिजहक्क विकत घेतले, वीस लाख पौंडांना.

शाळा सुटली होती. मुलं पाण्याच्या नळाभोवती गर्दी करून होती. मी गाडीवाल्या पोराला विचारलं, ‘दहा माणसं’ तुमच्या भाषेत कसं म्हणतात?

“अमादोदा अलित्शुमी, बाबा.”

मी वहीत देवनागरीत लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने माझा उच्चार एकदा सुधारला. मी खोडून पुन्हा लिहिलं.