गोळीशिवाय कुत्रा ठेवून घेत नाही, ते का?

गावाला जाताना कुत्रा माझ्याकडे सांभाळायला ठेवायचा, तर आधी त्याला गोचीड मारणारी गोळी द्यायची, हा माझा नियम. तो का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात फोनवर हेच बोलून माझा घसा बसतो. "काहो ताई, आमचा तर घरातच राहते, त्याला कुठून होईल गोचीड?"

घरातच होते हो. कुत्र्यांवरची ही तपकिरी गोचीड घराच्या भिंतींत मजेत नांदते. अंगावर येते ती रक्त प्यायला. कात टाकायला, अंडी घालायला खाली उतरते आणि भिंत चढून दाराच्या चौकटीत, कूलरमागच्या भेगेत जाऊन बसते. एक मादी हजारांनी अंडी घालते. उपाशीपोटी महिनोन्‌महिने काढते. नागपूरच्या 45 डिग्रीत ती मरेल म्हणता? त्या भेगेत ऊन पोचतच नाही.

मनीषनगरचा एक लॅब्राडोर दिवाळीत माझ्याकडे होता. घरी गेल्यावर काही दिवसांनी त्यानं जेवण सोडलं, मग नाकातून रक्त. टिक फीवर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा एर्लिकिया नावाचा आजार. प्लेटलेट्स पार खाली. मी भेटायला गेले तर सलाईन लावलेल्या अवस्थेतही शेपटी हलवली त्यानं. आणि त्याचे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "यांच्याकडूनच घेऊन आला." मीही आवाज चढवला. का नाही चढवणार? गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण 8 ते 20 दिवस लागतात. कॅलेंडर घेऊन मी कितीदा तरी हिशेब मांडला. माझ्याकडचे दिवस त्यात बसतात, त्याच्या आधीचे त्यांच्या घरचेही बसतात. आजही मला ठाऊक नाही ती गोचीड कुणाची होती. त्यांनाही नाही, पण ते ठामपणे सांगत फिरले. डॉक्सिसायक्लीन या अँटिबायोटिकचा 28 दिवसांचा कोर्स झाला, कुत्रा वाचला. माझ्याकडे परत कधी आला नाही.

तोवर मी म्हणायची, फवारणी करते, येणाऱ्या प्रत्येकाला कंगवा फिरवते, पुरे झालं. आताही दोन्ही करते. पण फवारा भेगेच्या तळाशी जात नाही, आणि गोचिडीची पिल्लं कंगव्यातून सुटतात.

मग गोळीनं सगळं थांबतं का? नाही. गोचीड चावल्याशिवाय ती गोळी तिला मारतच नाही; आजाराचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. फक्त ती रक्त पिऊन, टम्म फुगून माझ्या भिंतीत अंडी घालायला जात नाही. म्हणजे तुमच्या पैशानं मी माझ्या भिंती वाचवते? म्हणा तसं. त्याच भिंतींत उद्या दुसऱ्या कुणाचा कुत्रा झोपणार आहे. म्हणून कुत्र्याला आणायच्या किमान दोन दिवस आधी गोळी द्या. गेटवर येऊन खिशातून काढू नका.

फिट येणाऱ्या कुत्र्यांचं मात्र अवघड आहे. या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2018 मध्येच तसा इशारा दिलाय. अशांना मी डॉक्टरांची चिठ्ठी मागते, गोळीऐवजी गळ्यात गोचीड मारणारा पट्टा चालवून घेते आणि वेगळ्या खोलीत ठेवते. नियम नियम म्हणत स्वतःच तो मोडते, असं एक जण म्हणाले. मोडते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एकाला नाही म्हटलं, आणि तेही बरोबर केलं असं वाटत नाही.