बोटाला कळतं, पुस्तकाला कळत नाही

मंगळवार, रात्री

‘माहिती काय, मोबाईलवर एका मिनिटात मिळते. शाळेने कौशल्यं शिकवावीत.’ हे हल्ली इतक्यांदा कानावर येतं की वाद घालायचा कंटाळा येतो. पण पटत नाही, म्हणून निदान इथे तरी लिहून ठेवते.

माहिती मिळते हे खरं, पण काय शोधायचं हे सुचायलाही डोक्यात आधी काहीतरी असावं लागतं. १९८८ साली अमेरिकेत शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. बुद्धिबळाचंही तसंच. खऱ्या डावातली मांडणी मुरलेला खेळाडू पाचेक सेकंद बघून जवळजवळ जशीच्या तशी मांडतो. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याचीही नवख्यासारखीच गत. (हे १९७३ साली दाखवणाऱ्या दोघांपैकी एकाचं आडनाव चेस. निव्वळ योगायोग!) म्हणजे ज्याला आपण कौशल्य म्हणतो, त्यात मुरलेली माहितीच बरीच असते.

आता दुसरी बाजू. भाचा परवा सायकलचं पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधले, जागा पुसून कोरडी केली, पॉलिशपेपरने घासली, सोल्युशन लावलं आणि लगेच ठिगळ दाबलं. सुटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सुटलं. सोल्युशनमधलं द्रावक उडून जाईपर्यंत थांबायचं असतं. बोट लावून ओलसर लागेनासं झालं की मग ठिगळ. बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक त्याला तोंडपाठ आहेत. पण पुस्तकातलं बाष्पीभवन पाण्याचं, हे सोल्युशनचं!

उलट माझ्या वडिलांना ते बोटाला बरोब्बर कळायचं. कारण विचारलं तर, ‘असंच करतात.’ नुसती चिकटवायची ठिगळं आली तेव्हा त्यांनाही ते आधी सोल्युशन फासायचेच.

तेव्हा दोन्ही हवं, हे कुणीही मान्य करेल. घोडं पेंड खातं ते परीक्षेत. एक प्रश्नपत्रिका छापली की हजार मुलं तपासता येतात. पंक्चर तपासायचं तर एकेका मुलाशेजारी बसावं लागतं. जे स्वस्तात मोजता येतं त्याला गुण, आणि ज्याला गुण त्यालाच तास. फिनलंडमध्ये १८६६ सालापासून हस्तव्यवसाय अभ्यासक्रमात आहे आणि आजही तो सगळ्या मुलांना आवश्यक विषय आहे. आपल्याकडे कार्यानुभवाचा तास असतो वेळापत्रकात, नाही असं नाही. तो गणिताला का जातो असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पोर्शन राहिलाय.’