घोडी व्यायला लागली की वेळ नसतो

मी ठाण्यात जनावरांची डॉक्टर. माझ्याकडे येणारे बरेच घोडीवाले मुळात गाई-म्हशीवाले. वरातीसाठी घोडी घेतली तरी बाळंतपणाचं गणित गाईचंच लावतात. गाय पाणमोट फुटल्यावर तास-दोन तास कळा देते, तोवर डॉक्टर पोचतो. घोडीचं शिंगरू पाणमोट फुटल्यापासून 20 ते 30 मिनिटांत बाहेर यायला हवं. त्यात घोड्या बहुतेक रात्रीच वितात, आणि रात्री घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांची रांग लागलेली असते. पाचपाखाडीहून मी कितीही घाई केली तरी गायमुखच्या अलीकडे अडकतेच. म्हणून सांगते, तबेल्यात जो झोपतो त्याला हे माहीत असलंच पाहिजे.

आधी पुढचे दोन पाय दिसतात, एक जरासा पुढे, टापांचे तळवे जमिनीकडे, आणि गुडघ्यांवर टेकलेलं नाक. दहा मिनिटांत हे दिसलं नाही, एकच पाय आला किंवा तळवे वर असले, तर ताबडतोब फोन करा. शिंगराचे पाय आणि मान लांब, त्यामुळे ती मागे दुमडतात. अशा वेळी चार माणसांनी मिळून ओढू नका. घोडीला उठवून चालवत ठेवा, कळांचा जोर कमी होतो आणि मला थोडा वेळ मिळतो.

एका गोष्टीत मात्र माझी वाट बघायची नाही. कासारवडवलीच्या पुढच्या एका तबेल्यातून मध्यरात्री तिथे झोपणाऱ्या मामांचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, पिशवी लाल दिसतेय." एरवी पांढुरकी, आरपार दिसणारी पिशवी येते. ही मखमलीसारखी लालभडक होती. म्हणजे वार, पोटातल्या पिल्लाला रक्त आणि प्राणवायू पुरवणारं आवरण, आधीच सुटलेली, आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटत चाललेला. "मामा, कात्री घ्या आणि कापा. आत्ता." मामांचा हात थरथरत होता, पण त्यांनी कापली. आत पांढरी पिशवी दिसली, तीही फाडायला लावली आणि पुढच्या कळेबरोबर दोन्ही पाय धरून खाली, घोडीच्या टाचांच्या दिशेने ओढायला सांगितलं. शिंगरू निपचित होतं. नाक पुसून गोणपाटाने खसाखसा चोळल्यावर त्याने श्वास घेतला. तासाभरात उभं राहायला हवं होतं, त्याला जास्त वेळ लागला. मी पोचेपर्यंत मामांनी चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दाट दूध, पिळून बाटलीत भरून ठेवला होता. पहिल्या काही तासांत तो पोटात गेला नाही, तर रोगाशी लढायची ताकद शिंगराला मिळत नाही. किती शहाणपणाचं काम केलं त्यांनी!

आता वार. गाईची दुसऱ्या दिवशी पडली तरी लोक निभावून नेतात. घोडीची तीन तासांत पडली नाही, तर गर्भाशयात विष होतं, ताप चढतो, टापांच्या आत सूज येऊन घोडी कायमची लंगडी होऊ शकते, जीवही जातो. लोंबणारी वार ओढू नका, तिला दगड बांधू नका. गाठ मारून वर घ्या, म्हणजे घोडीचा पाय पडणार नाही. आणि पडली की पुरून टाकू नका, बादलीत ठेवा. मी ती पसरून बघते. एखादं टोक फाटून आत राहिलेलं असतं, आणि विष व्हायला तेवढा तुकडाही पुरेसा असतो.